मयेकरांच्या होडीतल्या सोयी

मयेकरकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते चहाला. परत गेले तेव्हा आमच्या बाथरूमचं दार उलट्या बाजूने उघडायला लागलं होतं.

झालं असं, की बँकेने माझी बदली कोलकात्याला केली आणि आम्ही बेहालातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. दुसऱ्या मजल्यावर एका दारावर चक्क देवनागरीत पाटी होती, 'अ. ग. मयेकर'. परगावात आपल्या लिपीतलं आडनाव दिसलं की माणूस थोडा वेडा होतो. बायकोने त्याच संध्याकाळी दोघांना चहाला बोलावलं. काका हात धुवायला म्हणून आत गेले आणि येईचनात. थोड्या वेळाने ठोकाठोकी ऐकू आली. शर्टाच्या खिशात पेन ठेवावं तसा हा माणूस कायम एक स्क्रू ड्रायव्हर ठेवतो, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. वीस मिनिटांनी घाम पुसत बाहेर आले.

"दार उघडताना बादलीला लागत होतं. जराशी सोय केली."

त्यानंतर महिनाभर आम्ही दाराच्या चुकीच्या बाजूला खांदा मारत होतो. मालतीकाकूंना मात्र त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्या शांतपणे चकली मोडत म्हणाल्या, "एका दारावर सुटलात. माझ्या ओट्याला ह्यांनी केलेल्या सोयी चुकवत चुकवत मी गेली चाळीस वर्षं स्वयंपाक करत्येय."

काका मूळचे मालवणचे. चोविसाव्या वर्षी हावड्याच्या एका पंपांच्या कारखान्यात नोकरीला आले आणि तिथूनच निवृत्त झाले. उंची बेताची, डोक्यावर केस जवळजवळ नाहीत, आणि डोळे सतत कसल्यातरी बिजागरीच्या शोधात. कुणाच्याही घरी गेले की आधी दारं, मग खिडक्या आणि सगळ्यात शेवटी माणसं बघतात. जिन्यात भेटले तर "कसे आहात?" असं न विचारता "वरचा नळ अजून ठिबकतो?" असं विचारतात. पण एवढ्यावरून ते मला कळले असं मी समजत होतो, ती माझी चूक. काकांच्या सोयींचं खरं क्षेत्र बेहालात नव्हतंच. ते नदीपलीकडे होतं.

दर रविवारी सकाळी ते एक जड पिशवी घेऊन बाहेर पडत. एकदा मी विचारलं, "कुठे निघालात?"

"होडीवर."

मला वाटलं, एखाद्या स्टॉपचं नाव असेल. या शहरात काहीही नाव असू शकतं. तेव्हा काका म्हणाले, "चला की शिंदेसाहेब. रविवारी बँक काय पळून जात नाही."

हावड्याच्या बाजूला नदीकाठी जुन्या लाँची आणि लाकडी नौका दुरुस्त करण्याचा एक लहानसा वाडा होता. आत सगळीकडे लोखंड, डांबर आणि चिखल. त्या सगळ्याच्या मधोमध, लाकडी टेकूंवर, एक पांढरी शिडाची होडी उभी होती. चोवीस फुटी, फायबरची, डोलकाठीसकट. आत झोपायला चार फळ्या, एक मोरीएवढं स्वयंपाकघर आणि काढा-घालायचं टेबल. आठवडाभर पाण्यावर राहता येईल अशी ती बांधलेली होती. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी गृहस्थाकडून काकांनी ती घेतली होती.

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर. त्यामुळे शिडी चढून मी आत डोकावलो तो निव्वळ कुतूहलाने. आणि थक्कच झालो.

जुन्या टेबल-फॅनच्या दोन कड्या एकीत एक अडकवून त्यात स्टोव्ह टांगला होता. काकांनी अख्खी चौकट हलवली तरी वरचं पाण्याचं भांडं सरळच्या सरळ. "होडी कलली तरी चहा कलत नाही!" फळीच्या खालच्या बाजूला बरण्यांची झाकणंच स्क्रूने ठोकली होती आणि बरण्या त्यांना लोंबत होत्या. एक पिळा दिला की बरणी हातात, एक पिळा दिला की जागेवर. मोडक्या छत्रीचं कापड वरच्या झरोक्यावर असं ताणलं होतं की नदीवरचा वारा थेट झोपणाऱ्याच्या तोंडावर यावा. झोपेत माणूस गडगडून पडू नये म्हणून फळीच्या कडेला काकूंची एक सुती साडी चौपदरी शिवून बांधली होती. पाण्याच्या पाइपचे तुकडे कापून चहाच्या पेल्यांसाठी खुंट्या केल्या होत्या.

"काकूंना माहीत आहे?" मी साडीकडे बोट दाखवून विचारलं.

"काय माहीत आहे ते मी कधी विचारत नाही," काका म्हणाले.

त्यानंतर बऱ्याच रविवारी मी जात राहिलो. काकांना होडी दाखवायला कुणीतरी हवं होतं आणि मला एक गोष्ट कळत नव्हती. ही होडी कधीच पाण्यात का जात नाही? दर आठवड्याला एक नवी सोय. कधी दिव्याचं बटण खाली आणलं, कधी कपाटाला चुंबक लावलं. पण टेकू काही निघत नव्हते. त्या वाड्यातले म्हातारे रतन मिस्त्री तर मला हळूच म्हणाले होते, "साहब, ही होडी आता झाड झाली आहे. हिला मुळं फुटलीत."

तिला नावही नव्हतं. नावेला नाव का नाही, असं विचारलं तर काका म्हणाले, "एकमत झालं नाही." कुणाकुणाचं, ते सांगितलं नाही.

आणि मग मला दुसरी एक गोष्ट दिसायला लागली. काका प्रत्येक सोय झाली की ती तपासून बघत. तपासताना ते उजवा हात पँटच्या खिशात घालून ठेवत आणि सगळं डाव्या हाताने करत. बरणी डाव्या हाताने फिरवून बघत. दोर अडकवायच्या खाचा त्यांनी अशा बदलल्या होत्या की दोर नुसता दाबला की अडकावा आणि वर ओढला की सुटावा. तेही डाव्या हाताने, शंभर वेळा. काड्यापेटीची घासायची पट्टी लाकडी ठोकळ्यावर चिकटवली होती, म्हणजे पेटी न धरता काडी ओढता यावी. कांदा चिरायच्या पाटाला मधोमध एक खिळा उलटा ठोकला होता. कांदा त्यात खुपसायचा आणि चिरायचा.

"कांद्याला सुळावर का देता?" मी विचारलं.

"सोय," काका म्हणाले. याहून जास्त नाही.

मी काकूंना विचारलं. त्या वैतागूनच बसल्या होत्या. "मला नका विचारू. दोन वर्षं घरी दाढीसुद्धा डाव्या हाताने करतायत. गालाला कागदाचे कपटे लावून बाजारात जातात. एकदा म्हटलं, उजवा काय माहेरी पाठवलाय? तर चिडले."

उत्तर मिळालं ते एका शनिवारी. बँकेला सुट्टी होती. वाड्यातून निघताना काका म्हणाले, "बागबाजारला जाऊन येऊ. एकाला काहीतरी दाखवायचंय." आम्ही हावड्याहून लाँच धरली. नदी शांत होती. कचेरीतली माणसं, भाजीच्या टोपल्या, एक सायकल, सगळं निवांत चाललं होतं. काका मात्र लाँचच्या बरोब्बर मध्यभागी बसले, डोळे मिटले आणि खिशातून अर्धं लिंबू काढून नाकाशी धरलं. चेहरा कोथिंबिरीसारखा हिरवा.

"काका, तुम्हाला बोट लागते?"

"हो."

"पण तुम्ही तर मालवणचे!"

त्यांनी एक डोळा उघडला. "मालवणात जन्मलो म्हणून काय बांगडा आहे मी?"

मला हसू आवरेना. ज्याला वीस मिनिटांची लाँच सोसत नाही, त्या माणसाने समुद्रावर जायची होडी सहा वर्षं बाळगली होती.

बागबाजारला एका गल्लीत तळमजल्यावरच्या घराची काकांनी कडी वाजवली. दार उघडलं ते साठीच्या पुढच्या एका बाईंनी, शिप्रा बौदींनी. बौदी म्हणजे वहिनी. आत खिडकीपाशी खुर्चीत एक उंचपुरे गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी नीट कापलेली, आणि उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"हा तपन," काका मला म्हणाले. "कारखान्यात आम्ही एका टेबलाशी तीस वर्षं बसलो."

मग पिशवीतून त्यांनी दोर अडकवायची ती नवी खाच काढली, तपनदांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली आणि बंगालीत समजावून सांगू लागले. काकांचं बंगाली म्हणजे मराठीच, फक्त शब्द गोल करून टाकलेले. तपनदांनी डाव्या हाताने दोर दाबला. अडकला. उपटला. सुटला.

"बरं आहे ना?" काकांनी विचारलं.

"हॅं," तपनदा म्हणाले. म्हणजे हो.

"की जरा तिरकं बसवू?"

"हॅं."

"म्हणजे सरळच बरं?"

"हॅं."

काका "बरं बरं" म्हणत दोर गुंडाळायला लागले. बौदी चहा देताना मला हिंदीत म्हणाल्या, "झटका आला तेव्हापासून एवढा एकच शब्द राहिलाय. आपण बोललेलं बहुतेक समजतं त्यांना. डॉक्टर म्हणतात, शब्द येतील एखादेवेळी. पण आता प्रयत्नच करत नाहीत. पोळी हवी? हॅं. नको? हॅं. आणि पूर्वी हे दोघं या खोलीत असे भांडायचे की शेजारी खिडकी लावून घ्यायचे."

परतताना लाँचवर काकांनी लिंबू बाहेर काढलंच नाही. आपण होऊन बोलत राहिले. मळमळ झाली की थांबत, गिळत, पुन्हा बोलत.

होडी दोघांची होती. तपनदा तरुणपणापासून शिडाच्या होड्या चालवणारे. काका फक्त दुरुस्त करणारे. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून ती घेतली. ठरलं असं, की तपन चालवणार आणि काका खाली बसून लिंबू हुंगत काय मोडेल ते जोडणार. नदीने खाली उतरायचं, सुंदरबनाच्या कडेने जायचं, जमेल तितकं. चार वर्षं दोघांनी ती पाण्यात नेली, आणली. आणि सगळ्या गोष्टींवरून भांडले. नावावरून भांडले. तपनला बंगाली नाव हवं होतं, काकांना मालवणच्या ग्रामदेवतेचं. काकांनी केलेली प्रत्येक सोय तपनने नापास केली होती. म्हणायचा, 'अनंत, तू होडीचं कपाट करून टाकलंस.'

"मग विचारा ना त्यांना, येता का म्हणून," मी म्हणालो. "सगळं एका हाताचं तुम्ही करूनच ठेवलंय."

काकांनी मान वळवून पाण्याकडे पाहिलं. त्यांना सोसत नसताना.

"विचारलं तर तो काय म्हणणार? हॅं म्हणणार. शिंदे, ते हॅं घेऊन मी काय करू? ते होकाराचं हॅं की नकाराचं, मला कसं कळणार? त्यापेक्षा काम चालू आहे, असं सांगत राहिलेलं बरं."

हे काम कदाचित आजही चालू राहिलं असतं. पण थंडीत त्या वाड्याच्या मालकाने जागा दुसऱ्या कामाला द्यायची ठरवली आणि सगळ्यांना निरोप दिला: पंधरा दिवसांत आपापल्या नौका पाण्यात ढकला, नाहीतर इथेच तोडाव्या लागतील. काका तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या. "तुम्ही जरा बोला. काल रात्री माझ्या मिसळणाच्या डब्याला चाकं लावलीयत."

मी बोललो ते काकांशी नव्हे. सरळ बौदींना फोन केला. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी त्यांना विचारणार नाही. कपडे घालून टॅक्सीत बसवते. उतरायचं नसेल तर नाही उतरणार. पाय हलवायचा की नाही, हे तर त्यांच्याच हातात आहे."

भरतीची वेळ सकाळी दहाची होती. धुकं विरलं होतं, उत्तरेकडून हलका वारा सुटला होता. रतन मिस्त्रींनी होडी गाड्यावर चढवून पाण्याच्या कडेला आणली. थोडं वरच्या अंगाला काकांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा छोटा घाट होता. तिथे ती नेऊन बांधायची होती. तासाभराचं अंतर. गरज पडली तर मागे छोटं इंजिन होतं आणि ते रतन मिस्त्री सांभाळणार होते.

टॅक्सी आली. दार उघडलं. आतून बराच वेळ कुणीच आलं नाही. काका तिकडे न बघता एकच नट सोडत आणि आवळत बसले होते. मग आधी काठी बाहेर आली, मग एक पाय. तपनदा उतरले, काठी टेकत पाण्यापर्यंत आले आणि होडीकडे बघत उभे राहिले. काकांनी पुढे होऊन "तपन" एवढंच म्हटलं. तपनदांनी काठी पुढे टाकली. आम्ही तिघांनी त्यांना फळीवरून वर घेतलं, तरंगायचं जाकीट घातलं, सुकाणूपाशी पाठीला टेकू असलेल्या बैठकीवर बसवलं आणि पट्टा लावला. तोही पट्टा एका हाताने सुटणारा.

होडी सरकली. एकदम हलकी झाली. रतन मिस्त्रींनी इंजिनावर आम्हाला काठापासून दूर नेलं. मी काकांच्या सूचनेबरहुकूम एक दोर ओढला, शीड वर गेलं, फडफडलं आणि भरलं. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. नुसता पाण्याचा आवाज राहिला.

सुकाणूच्या दांड्याला काकांनी आपली सगळ्यात मोठी सोय केली होती. जुन्या स्कूटरच्या हँडलची मूठ, रबरासकट, डाव्या हाताच्या कोनात वळवून बसवलेली. महिनाभर खपले होते तिच्यावर. तपनदांनी मूठ धरली. होडी डावीकडे गेली. त्यांनी दांडा ढकलला. होडी फार वळली, शीड पुन्हा फडफडलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मुठीकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

"बरी आहे ना मूठ?" काकांनी विचारलं. रंग आधीच हिरवट व्हायला लागला होता.

तपनदांचे ओठ हलले. हललेच नुसते. मग एक शब्द कुठूनतरी खोलातून ओढून काढल्यासारखा आला.

"ना."

काका मुठीकडे वाकले.

"बा... बाजे," तपनदा म्हणाले. म्हणजे भिकार. आणि मग जोरात, मुठीवर थाप मारून, "बाजे! खोल!"

खोल, म्हणजे सोड, काढून टाक. हा शब्द दोन्ही भाषांत एकच निघाला.

"काय बाजे?" काका उसळले. बंगाली विसरून थेट मराठीत. "महिना घातलाय मी त्यात! पकड बघ किती छान येते!"

"बाजे!"

"अरे, तुला कळतं काय त्यातलं?"

"ना! खोल!"

"नाही खोलणार!"

रतन मिस्त्री भांबावून दोघांकडे बघत होते. समोरून एक लाँच येत होती. तपनदांनी मूठ सोडली, खालचा उघडा लाकडी दांडा पकडला आणि होडी अलगद, रेघ मारावी तशी, लाँचच्या वाटेतून बाजूला काढली. त्यांनी नजरसुद्धा हलवली नाही. शीड घट्ट भरलेलं. मग पुन्हा काकांकडे वळून, नाक फेंदारून, "बाजे."

होडी आता त्या घाटालाच असते आणि हवा बरी असली की दोघं, मिस्त्रींना घेऊन, तासभर जाऊन येतात. तपनदांचे शब्द सात-आठ झालेत, बौदी सांगतात; त्यांतले निम्मे सांगण्यासारखे नाहीत. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की काका तरातरा खालच्या खोलीत उतरले. मला वाटलं, पोट बिघडलं. मी मागोमाग गेलो.

ते फळीवर आडवे पडले होते, हिरवेगार, कपाळावर घाम. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"काका, फार लागलं का? लिंबू देऊ?"

त्यांनी माझं मनगट धरलं.

"शिंदे, ऐकलंत ना? नाही म्हणाला. दोन वर्षांनी मला नाही म्हणाला."

"ऐकलं."

"दोन वर्षं भांडायला कुणी नव्हतं हो. घरात बायको आहे, पण ती बिचारी सोसून घेते. अख्ख्या शहरात मला कुणी चूक म्हणायला नव्हतं."

वरून काठी आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ हाक. "खोल!"

काका उठले. एकदा डोलले, फळीला धरून स्थिर झाले, आणि पिशवीतून पाना शोधून काढला.

"आलो, आलो रे मेल्या," असं ओरडत ते वर चढले.